दुसऱ्या सीटवरचे पाय

मद्रासच्या माउंट रोडवर हॉटेल चालवणाऱ्या जाकोमो द'आंजेलिस यांनी १९१० साली स्वतः एक विमान आखलं आणि ते सिम्सन कंपनीकडून बांधून घेतलं. आदल्या वर्षीच्या जुलैत लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली होती आणि त्या बातमीने जगभरच्या हौशी माणसांची झोप उडवली होती, द'आंजेलिस त्यांतलेच. मार्च १९१० मध्ये पल्लावरमला विमानाची चाचणी झाली. अलाहाबादेत हेन्री पेकेने टपाल घेऊन केलेलं प्रसिद्ध उड्डाण त्यानंतर जवळजवळ वर्षभराने, फेब्रुवारी १९११ मध्ये झालं. म्हणजे हौसेपोटी, पदरचे पैसे घालून बांधलेल्या विमानाची भारतातली परंपरा शोधायला निघालं तर ती चेन्नईत येऊन पोचते, आणि तीही एका हॉटेलमालकाच्या दारात. सिम्सन ही १८४० पासूनची पेढी, गाड्या बांधण्यात मुरलेली. गाडी बांधणाऱ्या कारागिराचा विचार बसणाऱ्यापासून सुरू होतो: गुडघे कुठे येतील, पाय कशावर टेकतील, चढताना पाऊल कुठे पडेल. घरी विमान बांधणाऱ्याचं नेमकं उलट होतं. तो पंखाचा छेद निवडतो, इंजिन ठरवतो, वजनाचा हिशेब मांडतो, आणि या सगळ्यातून जी पोकळी उरेल तिच्यात माणसं बसवतो. एक माणूस तो स्वतः असतो, त्यामुळे त्याची थोडीफार सोय होते. दुसऱ्याच्या पायांचा विचार बहुधा बल्कहेड चिकटून गेल्यावर होतो.

लहान, घरी बांधलेल्या विमानात पाय ठेवायची जागा हा आरामाचा प्रश्न नाही, तो विमान ताब्यात ठेवण्याचा प्रश्न आहे, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. म्हणून पायांच्या जागेचा आराखडा, विशेषतः दुसऱ्या सीटपुढच्या जागेचा, फ्युजलाजची, म्हणजे विमानाच्या धडाची, रुंदी पक्की होण्याआधी काढला पाहिजे. दुसरी सीट प्रवाशाची, शिकणाऱ्याची की आलटून पालटून दोघांची, हेही त्याच वेळी कागदावर उतरलं पाहिजे. बांधणारे हा निर्णय पुढे ढकलतात, आणि मग विमानात जे तयार होतं ते ना धड प्रवाशाचं आसन असतं, ना धड वैमानिकाचं.

पायांकडे हे काम आलं कसं, ते थोडक्यात पाहू. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात वैमानिक पालथा झोपत असे आणि कंबरेखालचा पाळणा सरकवून पंखांना पीळ देत असे. सुकाणूही त्यालाच जोडलेलं होतं. १९०८ मध्ये ते बसून, हातातल्या दांड्यांनी विमान चालवू लागले. ब्लेरिओने सुकाणू पायाखालच्या आडव्या दांडीला दिलं, आणि हात नाक-पंखांना, पाय सुकाणूला, ही वाटणी पुढे सगळ्या जगाने उचलली. दांडीची पुढे दोन पेडलं झाली, पेडलांच्या टोकाशी चाकांचे ब्रेक आले. आज डाव्या पायाने दाबलं की नाक डावीकडे जातं. सायकलवर वाढलेल्या माणसाला हे उफराटं वाटतं, कारण हँडलची डावी बाजू पुढे ढकलली की सायकल उजवीकडे वळते. शिकाऊ वैमानिक काही तासांत ही सवय मोडतो. प्रवासी ती मोडून आलेला नसतो, आणि त्याच्या पुढ्यात जोडपेडलं असली तर ती वैमानिकाच्या पेडलांशी यांत्रिकरीत्या बांधलेली असतात, हे कुणी सांगितल्याशिवाय त्याला कळायचा मार्ग नाही. शिवाय घाबरलेला माणूस पाय आखडत नाही, ताठ करतो. दोन्ही पाय ताणून पाठ सीटला रेटणं ही शरीराची आपसूक प्रतिक्रिया आहे, आणि तिच्यात दोन्ही पेडलं एकदम जखडतात.

ही ताकद किती असते याचा अंदाज जुन्या अमेरिकी नियमांवरून येतो. लहान विमानांसाठीच्या भाग २३ मध्ये सुकाणूच्या पेडलावर थोड्या वेळापुरता १५० पौंड, म्हणजे साधारण ६८ किलो, इतका जोर वैमानिकाला लावावा लागला तरी चालेल अशी मर्यादा होती. सतत लावायच्या जोराची मर्यादा मात्र २० पौंडांची, म्हणजे नऊ किलोंची. धडधाकट माणूस पाठ टेकवून, गुडघा जवळजवळ सरळ ठेवून याहून बराच जास्त जोर देऊ शकतो. तोच गुडघा काटकोनात दुमडला असेल तर निम्माही देता येत नाही. याचे दोन अर्थ निघतात. वैमानिकाच्या बाजूला जागा कमी पडली तर इंजिन बंद पडल्यावर किंवा आडवा वारा असताना हवा तेवढा जोर त्याच्या पायातून येणार नाही. आणि प्रवाशाच्या बाजूला पेडल आवाक्यात असलं, तर त्याचा ताठरलेला पाय वैमानिकाच्या पायाला हार जाणार नाही. पेडलाची बैठक, तिला धरणारा फळीचा तुकडा आणि सीटची पाठ हे तिन्ही एकाच साखळीचे दुवे आहेत. पेडल कितीही भक्कम केलं आणि पाठ मागे लवत असली तर पायातला जोर पाठीतच जिरतो.

कागदावर पाय नेहमी मावतात. म्हणून जमिनीवर प्लायवूडचा साचा उभारून पाहावा. खाली एक फळी, पाठीला योग्य कलाची दुसरी, पुढे दोन ठोकळे पेडलांच्या जागी, आणि आडवी पट्टी पॅनेलच्या खालच्या कडेच्या उंचीवर. माणसाला पट्टा बांधून बसवावं आणि डावा पाय पूर्ण पुढे रेटायला सांगावं. दोन्ही पेडलं जोडलेली असल्यामुळे उजवं पेडल तेवढंच मागे येतं, उजवा गुडघा वर उचलला जातो, आणि तो पट्टीला लागतो की नाही हे त्याच क्षणी दिसतं. गुडघा तसाच असताना टाच जमिनीवर टेकवून पाऊल पुढे झुकवावं, कारण ब्रेक असाच लागतो. बुटाचं टोक वरच्या आडव्या नळीला अडकत असेल तर ते इथेच अडकू दे. मग मांड्यांमधली स्टिक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. जाड मांडी स्टिकला शेवटच्या काही सेंटिमीटरांत थोपवते, आणि ते नेमकं उतरताना, वारा आडवा असताना अंगाशी येतं. बूट काढून, मग जाड तळव्याचे बूट घालून हे सगळं पुन्हा करावं. चेन्नईत निम्मी माणसं चप्पल घालून येतात. चप्पल सुटून पेडलामागे जाऊन बसणं ही अगदी साधी, आणि म्हणूनच विसरली जाणारी गोष्ट. साडीचा काठ किंवा वेष्टीचं टोक उघड्या आडव्या दांड्याभोवती गुंडाळलं जाऊ शकतं, तेव्हा त्या दांड्यावर झाकण हवं. साच्यात सापडलेला दोष करवतीने सुटतो. तोच दोष ग्लासफायबर वाळल्यावर सापडला तर सहा महिने जातात, किंवा मग तो तसाच राहतो.

पायाची हालचाल आणि बाकी कॉकपिटची मांडणी यांचं नातं किती जीवघेणं ठरू शकतं, याचं सगळ्यांत नोंदलेलं उदाहरण गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघाताचं आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरी खाडीत त्यांचं लाँग-ईझी हे घरी बांधलेलं विमान कोसळलं. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाच्या टाक्या बदलण्याची चावी वैमानिकाच्या पायांमध्ये होती. विमान बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्याच्या मागे नेली होती. तिथे पोचायचं तर स्टिकवरचा हात काढायचा, खांद्याचा पट्टा सैल करायचा, धड डावीकडे पार वळवायचं आणि मग चावी फिरवायची. तपासात दुसऱ्या वैमानिकाला बसवून हे करून पाहिलं, तेव्हा धड वळवताना आधारासाठी उजवा पाय आपोआप उजव्या पेडलावर दाबला जातो, असं दिसून आलं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने ठरवलेल्या कारणांत हा नकळत दाबला गेलेला उजवा पाय स्पष्टपणे आहे. इंधन कमी असणं, खुणा नसलेली मापकं, या विमानाचा नसलेला सराव, हेही त्यात आहे. पण इथे लक्षात घ्यायचं ते असं की डेन्व्हर नवखे नव्हते. बरीच वर्षं विमानं चालवलेला माणूसही आधार शोधताना पायच वापरतो. मग ज्याला पेडल म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्या प्रवाशाकडून वेगळी अपेक्षा कशी धरायची?

दुसऱ्या सीटच्या पायांना निरनिराळ्या आराखड्यांनी निरनिराळी उत्तरं दिली आहेत. लाँग-ईझीत मागे बसणाऱ्याचे पाय पुढच्या सीटच्या दोन्ही बाजूंना जातात. त्याला स्टिक आहे, पेडलं नाहीत. हे उत्तर अर्धवट वाटतं, पण त्यामागे निर्णय आहे: मागच्याने सरळ उड्डाणात हात फिरवून पाहावा, उतरायचं काम पुढच्याचं. बंगळुरूच्या ‘एनएएल’ या विमान-संशोधन संस्थेने ऐंशीच्या दशकात याच आराखड्याच्या आधारे एक संशोधन-विमान उडवलं होतं. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-४ मध्येही मागच्याचे पाय पुढच्या सीटला कवेत घेतात. त्याच कंपनीने नव्वदच्या दशकात आरव्ही-८ आणलं ते अधिक लांब-रुंद करून, आणि मागची पेडलं ज्याला हवी त्याने बसवावीत अशी सोय ठेवून. ज्याने आधीचं विमान आखलं त्यानेच पुढचं मोठं करावं, याहून स्पष्ट कबुली कोणती हवी? शेजारी-शेजारी सीट असलेल्या विमानांत, मग ते फ्लाइंग क्लबमधलं सेस्ना १५२ असो की ‘एनएएल’चं हंसा, दोन्हीकडे पूर्ण पेडलं असतात, कारण ती शिकवण्यासाठीच आहेत. हौशी बांधणारा हीच मांडणी उचलतो, पण शेजारी बसवतो बायकोला, मुलाला, मित्राला. पेडलं काढता येतील अशी केली, किंवा वर उचलून खिळीने अडकवता येतील अशी केली, तर प्रश्न मिटतो. मात्र ही खीळ प्रवासी बसण्याआधी लागते का, आणि लागलेली वैमानिकाला आपल्या सीटवरून दिसते का, हे आराखड्यातच ठरायला हवं.

मापं कुणाची घ्यायची, हा पुढचा प्रश्न. हवाई दल या प्रश्नाला वेगळ्याच टोकाने भिडतं: कॉकपिट ठरलेलं असतं, म्हणून माणूस निवडला जातो. उड्डाण शाखेच्या वैद्यकीय निकषांत पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, मांडीची लांबी ६४ सेंटिमीटरपर्यंत आणि बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर असावी लागते. चेन्नईच्या वेशीवर तांबरमला हवाई दलाचं उड्डाण-प्रशिक्षक घडवणारं विद्यालय १९५४ पासून आहे; तिथल्या प्रत्येक विमानात दोन्ही सीटवर बसणारा माणूस या चाळणीतून आलेला असतो. घरी विमान बांधणाऱ्याला आपल्या कुटुंबाला चाळण लावता येत नाही. त्याला कॉकपिटच बदलावं लागेल. इथे ‘सरासरी माणूस’ धरून चालण्याचा मोह होतो, आणि तो फसवा आहे. अमेरिकी हवाई दलातल्या गिल्बर्ट डॅनियल्स यांनी १९५२ च्या अहवालात चार हजारांवर वैमानिकांची मापं तपासली. निवडलेल्या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. आखूड पायांचा उंच माणूस असतो, लांब मांड्यांची ठेंगणी बाई असते. शिवाय बहुतेक आराखडे आणि किट परदेशातून येतात, तिथल्या अंगलटीसाठी काढलेले. आपल्याकडच्या मापांसाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेलं देबकुमार चक्रवर्ती यांचं संकलन हाताशी असावं. पण घरातली सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत ठेंगणी व्यक्ती साच्यात बसवणं हे कोणत्याही तक्त्याहून विश्वासाचं.

आक्षेप आहेत, आणि काही वजनदार आहेत. पहिला गुरुत्वमध्याचा: पायांना जागा देण्यासाठी प्रवाशाला मागे सरकवलं तर विमानाचा तोल बिघडेल. आकडे मांडून पाहू. भरलेलं विमान ६०० किलोंचं, प्रवासी ७५ किलोंचा, सीट आठ सेंटिमीटर मागे. गुरुत्वमध्य एक सेंटिमीटर मागे जातो. अशा विमानांत पुढून मागे मिळणारी मुभा पंधरा-वीस सेंटिमीटरच्या घरात असते. एकामागे एक सीट असलेल्या विमानात मागची सीट आधीच शेवटच्या टोकाशी असेल तर हा एक सेंटिमीटरही महाग पडतो, हे मान्य. पण तिथेही बॅटरी पुढे नेऊन तो वसूल करता येतो, फक्त ती कुठे बसवायची हे अजून ठरलेलं नसलं पाहिजे. आणि सीट हलवायची नसेल तर पेडलं हलवावीत. सरकती पेडलं वजनाच्या हिशेबाला धक्का लावत नाहीत, आणि वैमानिकाचे डोळे धावपट्टीकडे पाहताना जिथे असायला हवेत तिथेच राहतात. दुसरा आक्षेप रुंदीचा, आणि त्यात तथ्य आहे. फ्युजलाज रुंद केलं की हवेचा अडथळा वाढतो, त्याला उपाय नाही. मात्र पायांना खरी गरज लांबीची आणि पावलांपाशी उंचीची असते. रुंदीचा प्रश्न खांद्यांचा आहे. दोन्ही मागण्या एकत्र करून दोन्ही नाकारणं ही सोयीस्कर पळवाट झाली. उष्णतेचा मुद्दा याच जागेत येतो आणि तो चेन्नईकरांनी विशेष मनावर घ्यावा. पावलांच्या पुढ्यात फायरवॉल, तिच्यापलीकडे एग्झॉस्ट, वर काचेची छत्री, आणि मे महिन्यात धावपट्टीवर वाट पाहत उभं विमान. भाजणारा पाय जागेवर राहत नाही, तो सरकतो, आणि सरकण्यासारखी जागा बहुधा पेडलापाशीच असते.

तिसरा आक्षेप मुळावर घाव घालणारा आहे: पायांचं काम काढूनच टाकलं तर? हे करून झालेलं आहे. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये उडवलेल्या ‘पू-द्यू-सिएल’ला पेडलंच नव्हती, स्टिक आडवी हलवली की सुकाणू वळे. त्या विमानाचे पुढे बळी गेले आणि त्यावर बंदीही आली, पण त्याचं कारण दोन पंखांच्या एकमेकांवरच्या परिणामात होतं, पेडलांच्या अभावात नाही, हे न्यायाने सांगायला हवं. अमेरिकेत फ्रेड वीक यांच्या अर्कूपमध्ये सुकाणू आणि पंखांची हालचाल एकाच चाकाला जोडलेली होती, आणि ते गरगरत खाली येऊ शकत नाही असं प्रमाणपत्र त्याला १९४० मध्ये मिळालं. प्रवाशाच्या पायांसाठी याहून मोकळी जागा नाही. अडचण आडव्या वाऱ्यात येते: असं विमान तिरक्या नाकानेच टेकवावं लागतं, आणि ते सोसेल अशी चाकं त्याला द्यावी लागतात. पुढच्या काळात याच विमानाला पेडलं बसवून मिळू लागली. लोकांनी पैसे मोजून पाय परत मागितले, आणि समुद्रकाठच्या शहरात उतरणाऱ्याला ते का, हे समजवावं लागणार नाही. तरीही सपाट मुलखात, शांत हवेत, फक्त हौसेसाठी उडणाऱ्याने मिन्ये-वीक यांचा मार्ग विचारात घ्यायला हरकत नाही. तो मोडीत काढण्यासारखा नक्कीच नाही.

उरतो तो भावनेला हात घालणारा आक्षेप: वैमानिकाला हवेत काही झालं तर शेजारच्याने विमान उतरवायला नको का? नको कसं! पण त्यासाठी त्या माणसाला शिकवावं लागतं. शिकवलेल्या माणसापुढे पेडलं असावीत, न शिकवलेल्यापुढे नसावीत, आणि एकाच विमानात कधी हा, कधी तो बसणार असेल तर ती काढता-घालता यावीत. अमेरिकेत हौशी विमानाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्या, पंचवीस किंवा चाळीस तास, प्रवाशाविना करायचा शिरस्ता आहे. त्यामुळे दुसरी सीट या काळात बहुधा रिकामी असते आणि तिच्यातले दोष चाचणीच्या वहीत सहसा उतरत नाहीत. ते सापडतात पहिल्या प्रवाशाबरोबर.

आपल्याकडे नोंदींची ही उणीव जास्त बोचते. जगभरात आरव्ही मालिकेचीच दहा हजारांहून अधिक विमानं उडालेली आहेत; एकाच्या गुडघ्याला लागलेली पॅनेलची कड दुसऱ्याच्या आराखड्यात गोल होते. भारतात अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं, ते २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, आणि नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. अशी माणसं इतकी थोडी, आणि एकमेकांपासून इतकी लांब, की कुणाच्या गच्चीवरचा अनुभव दुसऱ्याच्या शेडपर्यंत पोचत नाही. म्हणून या पुस्तकाची रचना मुद्दाम उलटी ठेवली आहे. पहिलं प्रकरण मापं घेण्याचं, दुसरं प्लायवूडच्या साच्याचं, तिसरं पेडलं, ब्रेक आणि त्यांच्या खिळींचं. सीटची पाठ आणि पट्टे त्यानंतर. फ्युजलाजचा छेद पाचव्या प्रकरणात येतो, आणि तोवर वाचकाकडे दोन माणसांच्या पायांची लिहून ठेवलेली मापं असतील, असं गृहीत धरलं आहे.